इंजिन बसवलेली सायकल: बिघाड शोधायचा कसा

फ्रेमच्या त्रिकोणात टू-स्ट्रोक इंजिन, मागच्या चाकाला डावीकडून दुसरी चेन, हँडलवर क्लच आणि ॲक्सिलेटर. अशी सायकल किट आणून घरी जोडता येते. जोडायला दोन दिवस लागतात, आणि त्यानंतरचे दोन महिने ती का बंद पडते ते शोधण्यात जातात. यात इंजिन स्वतः बिघडलेलं क्वचितच असतं. बसवणीतला ढिलेपणा, कुठूनतरी शिरणारी हवा आणि कच्ची वायरिंग, बहुतेक दुखणी यातलीच. म्हणून सिलिंडर उघडायची घाई करू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि सीडीआय (प्लगला करंट देणारा छोटा डबा) एका दुपारी बदलले की गाडी सुरू झाली तरी का झाली ते कळत नाही, आणि पुन्हा बंद पडली की पहिल्यापासून सुरुवात.

आधी हातात काय आहे ते ओळखा

खोक्यावर ८० सीसी छापलेलं असतं. प्रत्यक्षात सिलिंडरचा व्यास ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी, म्हणजे ६६ सीसी. स्ट्रोक ४० मिमी असेल तर ६९. छोट्या इंजिनाचा व्यास ४० मिमी, म्हणून ते ४८ सीसीचं. आतल्या गिअरला २० आणि ८२ दात, बाहेर इंजिनाकडे १० आणि चाकाकडे ४४ दात. एकूण घट साधारण १८ पट, म्हणजे इंजिनाचे १८ फेरे तेव्हा चाकाचा एक. २६ इंची चाक असेल तर ५००० आरपीएमला वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास येतो. हा आकडा लक्षात ठेवा. इंजिन ओरडतंय पण सायकल पंधराच्या वर जात नाही, असं झालं तर दोष कार्बोरेटरमध्ये नसून क्लचमध्ये आहे, हे या हिशेबावरूनच कळतं.

कायद्याचं इथेच सांगून टाकलेलं बरं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ (२८) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. ही किटची इंजिनं त्याच्या खूप वर आहेत. फवारणी पंपाचं टीयू-२६ इंजिन काढून सायकलला लावायचा प्रयोग खेड्यांत होतो, पण तेसुद्धा २५.६ सीसीचं, म्हणजे थोडक्यात चुकतं. घरी जोडलेल्या सायकलला वाहनांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडची मान्यता नसते, त्यामुळे नोंदणी नाही आणि विमाही नाही. ती शेतात, फार्महाऊसच्या आवारात, खासगी रस्त्यावर चालवा.

हत्यारं फार लागत नाहीत: १० चा बॉक्स पाना (६ मिमीच्या नटांना हाच लागतो), २१ चा प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, चेन कटर, निळं थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) आणि मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज. सिरिंज ऑइल मोजायला. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ऑइल टाकण्यापायी पिस्टन जातात.

सुरूच होत नाही

सुरू करायची रीत एकदा तपासून घ्या. कॉक उघडा. कार्बोरेटरच्या वाटीवरचं छोटं बटण दोन-तीनदा दाबा, ओल दिसली की थांबा. किटमधल्या साध्या कार्बोरेटरला चोकची पट्टी वर म्हणजे हवेची वाट बंद, आणि थंड इंजिनाला तेच हवं. क्लच दाबून पायडल मारा, भरभर चालण्याइतका वेग आला की थोडा ॲक्सिलेटर देऊन क्लच सोडा. इंजिन धरलं की चोक हळूहळू खाली. चोक उलटा समजून तासभर पायडल मारणारे पुष्कळ असतात.

तरीही नाही लागली तर पहिली तपासणी करंटची.

१. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढून त्याच्या वायरच्या टोपीत परत घाला आणि त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या हेडला टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने पेट घेते.
२. मागचं चाक उचलून दुसऱ्या कोणाला पायडल मारायला सांगा, क्लच सोडलेला. सावलीत बघा. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे नसल्यातच जमा.
३. ठिणगी नसेल तर सगळ्यात आधी किल स्विचच्या (इंजिन बंद करायच्या बटणाच्या) वायरी काढून टाका आणि पुन्हा बघा. किटमधला स्विच स्वस्त असतो, पावसात आतून शॉर्ट होतो, आणि सगळा संशय सीडीआयवर जातो.
४. तरी नाही तर प्लगची टोपी वायरवरून पिळून काढा. ती वायरच्या गाभ्यात स्क्रूसारखी रुतते, नुसती सरकवलेली असेल तर आत संपर्कच होत नाही. वायरचं टोक ५ मिमी कापा आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवून बसवा.

आता मॅग्नेटची कॉइल. इंजिनातून तीन वायरी येतात: निळी, काळी, पांढरी. निळी सीडीआयच्या निळीला, काळी काळीला. पांढरी दिव्यासाठी म्हणून दिलेली असते, पण तिच्यावर दिवा लावला की ठिणगीचा जोर कमी होतो. तिचं टोक टेपने गुंडाळून ठेवा आणि दिव्याला वेगळी बॅटरी घ्या. सीडीआयपासून वायरी सोडवून मल्टिमीटर निळी आणि काळीवर लावा. ३०० ते ४०० ओहम दिसले तर कॉइल ठीक. शून्याजवळ किंवा अमर्याद दिसलं तर कॉइल गेली. कॉइल ठीक, वायरी ठीक, टोपी ठीक, प्लग नवा, आणि तरी करंट नाही, तेव्हाच सीडीआय बदला. वायरी नुसत्या पिळून टेप लावलेल्या असतात, त्या थरथरीने सुटतात. सोल्डर करा, वर श्रिंक नळी चढवा.

किटबरोबर आलेला प्लग पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. एनजीके बी६एचएस थेट बसतो, स्वस्त आहे. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, फिलर गेजने मोजून. डोळ्यांनी नाही.

करंट चांगला आहे, मग पेट्रोल. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. सलग धार पडली पाहिजे, मिनिटाला १०० मिलीपेक्षा कमी पडत असेल तर कॉकच्या वरची जाळी किंवा मधला फिल्टर तुंबला आहे. मोटारसायकलचा मोठा कागदी फिल्टर इथे लावू नका. टाकी आणि कार्बोरेटर यांच्यातली उंची जेमतेम वीतभर, एवढ्या दाबाने पेट्रोल त्यातून नीट उतरत नाही. धार ठीक असूनही प्लग कोरडा असेल तर वाटी उघडा. जेटमध्ये कचरा असतोच, विशेषतः नवीन टाकीत, जिच्या आत पत्र्याचा कीस आणि गंज राहिलेला असतो. टाकी बसवण्याआधी पेट्रोल आणि मूठभर नट घालून खळखळून धुतली तर हा त्रास निम्मा कमी होतो. जेट साफ करायला तांब्याची बारीक तार किंवा हवा. टाचणी घालून भोक मोठं करू नका.

उलट प्लग ओलाचिंब निघाला तर पेट्रोल जास्त झालंय. कॉक बंद, चोक खाली, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, प्लग काढून आठ-दहा फेरे पायडल मारा, प्लग पुसून पुन्हा लावा. दर वेळी असंच होत असेल तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या तुकड्याची) सुई बसत नाही किंवा कार्बोरेटर तिरका बसलाय. तो बाजूने पाहताना सरळ आडवा हवा. फ्रेम फार तिरकी असेल तर इंजिन थोडं पुढे-मागे कलवून घ्यावं लागतं.

शेवटी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून पायडल मारलं की अंगठा उडाला पाहिजे. गेज असेल तर ॲक्सिलेटर पूर्ण उघडून मोजा. चांगल्या ६६ सीसी इंजिनाला १०० पीएसआयच्या आसपास येतात. फारच कमी आलं तर आधी हेडचे नट तपासा, मग पॅकिंग, आणि मगच रिंग.

सुरू होते, पण नीट चालत नाही

इथे बहुतेकांचा वेळ वाया जातो, कारण लक्षण कार्बोरेटरसारखं दिसतं आणि कारण दुसरीकडे असतं.

रिकाम्या वेगावर इंजिन आपोआप चढतंय, उतरतंय, ॲक्सिलेटर सोडला तरी खाली येत नाही: ही हवा शिरल्याची खूण. जागा चारच. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (त्याला सिलिंडरशी जोडणारी नळी) यांचा सांधा, मॅनिफोल्ड आणि सिलिंडर यांच्यातलं पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग आणि क्रँकचे दोन सील. पहिली जागा सगळ्यात जास्त वेळा सापडते. कार्बोरेटर नळीवर नुसता सरकवून क्लॅम्पने आवळायचा असतो, आणि थरथरीने तो मिलिमीटरभर मागे सरकतो. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर एकेक करून डब्ल्यूडी-४० चा थोडा फवारा मारा, सायलेन्सरच्या तोंडापासून दूर. फवारा पडताच आवाज बदलला तर जागा सापडली. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळा. मॅनिफोल्डचं कागदी पॅकिंग फेकून जाड गॅस्केट शीटमधून नवं कापा, बोटाच्या टोकाएवढं सिलिकॉन सीलंट पुरे. मॅनिफोल्डचे दोन बोल्ट एका बाजूने पूर्ण आवळू नका, आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा द्या, नाहीतर फ्लँज वाकतो आणि गळती राहतेच.

हवा शिरत असताना जेट मोठं करून गाडी चालवणं म्हणजे ताप आलेल्याला पंखा लावून बसणं. मिश्रण पातळच राहतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), सिलिंडर तापतो आणि एखाद्या चढावर पिस्टन चिकटतो.

इंजिन सुरू होताच पूर्ण वेगाने ओरडायला लागलं आणि ॲक्सिलेटरला जुमानत नसेल तर कार्बोरेटरची स्लाइड (ॲक्सिलेटरने वर-खाली होणारा दट्ट्या) उलटी बसली आहे. तिला एक उभी खाच असते, ती रिकाम्या वेगाच्या स्क्रूसमोर यायला हवी, आणि खालचा कापलेला भाग हवेच्या फिल्टरकडे. झाकण जबरदस्तीने आवळून बसवलेलं असेल तर स्लाइड वरच अडकून राहते. अशा वेळी घाबरून चाक धरू नका. क्लच दाबा आणि चोक वर ओढा. हवा कोंडली की इंजिन गपगार होतं.

आता प्लगचा रंग. सपाट रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलेटरवर सुमारे एक किलोमीटर पळवा, मग एकाच वेळी क्लच दाबा आणि किल स्विच मारा. थांबल्यावर प्लग काढून मधल्या पांढऱ्या सिरॅमिकचा रंग बघा. दुधाच्या चहासारखा तपकिरी हवा. काळा आणि तेलकट म्हणजे मिश्रण गडद (पेट्रोल जास्त), पांढरा फटक किंवा बारीक दाणे उमटलेला म्हणजे पातळ. गडद असताना पूर्ण वेगावर इंजिन भरल्या आवाजात अडखळतं, जणू एक फेरा जळतं आणि एक सोडतं. काळा प्लग चालेल, पांढरा चालणार नाही. नवशिक्याने थोडं गडदच ठेवावं.

किटच्या कार्बोरेटरला रिकाम्या वेगाचं वेगळं जेट नसतं, मिश्रण जुळवायला दोनच गोष्टी आहेत. अर्ध्या ॲक्सिलेटरवर तक्रार असेल तर सुईची क्लिप. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि मिश्रण गडद होतं, वरच्या खाचेत घातली की पातळ. पूर्ण ॲक्सिलेटरवर तक्रार असेल तर मुख्य जेट. त्यावरचा आकडा म्हणजे भोकाचं माप, ७० म्हणजे ०.७० मिमी. एक-दोन नंबरांनीच बदला.

एक गोष्ट किटच्या मॅन्युअलमध्ये नसते. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेच जेट ठेवलं तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. परदेशी व्हिडिओत 'छान चाललं' म्हणून सांगितलेलं जेट इथे पांढरा प्लग दाखवतं, ते याच कारणाने. शिवाय इथेनॉल साध्या रबरी नळ्या मऊ करतं आणि हवेतली ओल शोषतं. नळी इथेनॉल सोसणारी घ्या आणि वर्षाने बदला.

ऑइल: पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत लिटरला ६० मिली, म्हणजे साधारण १६:१. नंतर ५० मिली. चांगलं, डब्यावर जेएएसओ एफडी हा दर्जा छापलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) वापरत असाल तर पुढे ४० पर्यंत उतरायला हरकत नाही, त्याखाली या इंजिनाच्या बेअरिंगवर विश्वास ठेवू नका. ऑइल टाकीत थेट ओतू नका, कॅनमध्ये आधी पेट्रोल, मग ऑइल, मग हलवा. आणि हे विसरू नका की ऑइल वाढवलं की त्याच लिटरमध्ये पेट्रोल कमी बसतं. ऑइल जास्त घातलं म्हणजे गाडी सुरक्षित, हे अर्धसत्य आहे.

दहा मिनिटं छान चालून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा लागते? टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, सुईने मोकळं करा. आवाज आला नाही तर तापलेली कॉइल किंवा सीडीआय, बंद पडताक्षणी करंट तपासला तरच हे पकडता येतं, थंड झाल्यावर नाही.

पिकअप महिन्यागणिक कमी होत गेला तर सायलेन्सरमध्ये कार्बन साठलाय. मागचं टोक उघडून आतली नळी बाहेर काढा, खरवडा. लुनावर हात बसलेला एखादा जुना मेकॅनिक गावात असेल तर हे त्याला सांगावंही लागणार नाही. १९७२ मध्ये आलेल्या लुनालाही हाच आजार होता आणि हाच उपाय.

क्लच

हँडलवरच्या लिव्हरला २ ते ३ मिमी मोकळा खेळ हवा. खेळ नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो, घसरतो, जळका वास येतो. केबल नवीन असताना ताणली जाते, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये दोनदा तरी जुळवावी लागते.

केबल बरोबर आहे आणि तरी घसरतो, तर उजवीकडचं मोठं झाकण काढा. मधोमध फुलासारख्या कडेचा नट दिसेल, त्याला अडवणारा एक छोटा स्क्रू असतो. स्क्रू काढा, क्लच लिव्हर दाबून अडकवून ठेवा, फुलाचा नट घड्याळाच्या दिशेने एक-दोन खाचा फिरवा, स्क्रू परत लावा. क्लच सुटतच नसेल, लिव्हर दाबूनही सायकल पुढे ओढत असेल, तर तोच नट उलटा. स्क्रू लावायचा राहिला तर नट फिरत जातो आणि झाकण आतून फोडतो.

झाकण उघडलंय तर ग्रीसचं बघून घ्या. गिअरच्या दातांना सुपारीएवढं ग्रीस पुरे. मूठभर भरलं की ते फेकलं जाऊन क्लचच्या पॅडवर बसतं, आणि मग नट कितीही आवळा, क्लच घसरतच राहतो. पॅड पेट्रोलने पुसून कोरडे केल्याशिवाय सुटका नाही.

डावीकडचं चेनचं झाकण काढताना खाली फडकं पसरा. क्लचची सळई आत असते आणि तिच्याबरोबर एक छोटी पोलादी गोळी. ती घरंगळून गेली की सगळं जोडूनही क्लच दबत नाही, आणि केबल बदलून काही उपयोग होत नाही.

चेन आणि मागचं चाक

हा भाग सावकाश वाचा. इंजिन बिघडलं तर सायकल थांबते, चेन बिघडली तर माणूस पडतो. इंजिनाची चेन चाकाला थेट जोडलेली असते, मध्ये फ्रीव्हील नाही. क्लच दाबला तरी चेन फिरतच असते. ती कुठेही अडकली तर मागचं चाक जागच्या जागी बसतं.

इंजिनाच्या चेनचं मोठं दातेरी चक्र चाकाच्या तारांना रबराच्या दोन चकत्यांमध्ये धरून नऊ बोल्टनी आवळायचं असतं. एक चकती तारांच्या आत, एक बाहेर. आतली चकती हबवर चढवण्यासाठी एका ठिकाणी कापावी लागते. नऊ बोल्टची ही रचना ३६ तारांच्या चाकासाठी आहे. दूधवाल्याची जुनी काळी सायकल घेतलीत तर मागच्या चाकाला ४० तारा मोजाल. त्यात बोल्ट सारखे बसत नाहीत, काही तारांवर ताण येतो आणि त्या एकेक करून तुटतात. अशा चाकाला हबला आवळणारा धातूचा ॲडॅप्टर घ्या किंवा ३६ तारांचं रिम भरून घ्या.

बोल्ट समोरासमोर, तीन-चार फेऱ्यांत आवळा. मग सायकल उलटी करून फ्रेमला एक तार बांधा, तिचं टोक चक्राच्या दातांपासून दोन मिलिमीटरवर आणा आणि चाक हळू फिरवा. दात तारेच्या जवळ-लांब जात असतील तर चक्र आडवं आउट आहे; वर-खाली होत असतील तर मध्यावर नाही. आडवा आउट एक मिलिमीटरच्या आत आणा, जिथे चक्र चाकाच्या तारांपासून लांब जातं तिथले बोल्ट किंचित आवळून. मध्यावर नसेल तर बोल्ट ढिले करून चक्र बोटाने सरकवा. तासभर लागतो, चिडचिड होते, पण चेन उतरायची निम्मी कारणं इथेच संपतात.

उरलेली निम्मी त्या टेन्शनरमध्ये. फ्रेमच्या मागच्या नळीला दोन पट्ट्यांनी आवळलेली, चेन ताणून धरणारी ती छोटी चाकी. नळी निमुळती असते, थरथर सतत असते, आणि पट्टी हळूहळू फिरते. चाकी आत वळली की चेन तिला ओढून थेट तारांमध्ये घालते. मग चाक बसतं, तारा तुटतात, आणि तीसच्या वेगाला तुम्ही रस्त्यावर. नुसतं जास्त आवळून हे थांबत नाही, नळी चेपते. पट्टीखाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला, चाकी नेमकी चेनच्या रेषेत आणा, पट्टी फिरू नये म्हणून ती पुढच्या एखाद्या पक्क्या बोल्टला आणखी एका लोखंडी पट्टीने बांधा. नळीला भोक पाडू नका. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चेन बरोबर लांबीची कापून, अर्धी कडी वापरून, चाक मागे-पुढे सरकवून टेन्शनरच काढून टाकणं. दोन्ही चेनचा ताण एका वेळी जुळवायला खटपट पडते, पण ती करावी.

चेन ४१५ नंबरची. मधोमध बोटाने दाबल्यावर १२ ते १५ मिमी खाली-वर झाली पाहिजे, आणि चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला. उलटी लावलेली क्लिप फ्रेमला घासून उडते. नवी चेन पहिल्या ५० किलोमीटरमध्ये दिसण्याइतकी वाढते, तेव्हा पुन्हा ताणा.

थरथर आणि तुटणारे स्टड

इंजिन फ्रेमवर रबर घालून बसवू नका. सोयीचं वाटतं, पण रबराने इंजिन डोलतं, थरथर वाढते आणि मागच्या-पुढच्या पट्टीचे स्टड (इंजिनात रुतवलेल्या आट्यांच्या सळया) तुटतात. धातूवर धातू, घट्ट. पुढची नळी जाड असेल आणि पट्टी पोचत नसेल तर लांब स्टडवर इंजिन लोंबकळत ठेवू नका, नळीच्या मापाचा यू-बोल्ट आणि जाड पट्टी करून घ्या.

किटचे ६ मिमी स्टड मऊ असतात. सायलेन्सरचे आणि माउंटचे काढून ८.८ ग्रेडचे घाला, निळं थ्रेडलॉक लावून; सायलेन्सरकडे थ्रेडलॉक उष्णतेने जातं, तिथे लॉक वॉशर. सायलेन्सरचं वजन दोन स्टडवर सोडू नका, मागे फ्रेमला एक पातळ पट्टी द्या. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर टेफ्लॉन गुंडाळून चालवू नका. लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं) बसवून घ्या.

हेडचे चार नट तिरपे समोरासमोर, तीन टप्प्यांत. ६ मिमी स्टडला १० ते १२ न्यूटन मीटर पुरे. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा. गरम असताना नाही.

ब्रेक

वीसच्या वेगाऐवजी पस्तीसने जाताना थांबवायची ऊर्जा तिप्पट होते. जुन्या सायकलचे सळईचे ब्रेक आणि क्रोमचं रिम, पावसात हे जवळजवळ शोभेला. पुढे-मागे व्ही-ब्रेक किंवा डिस्क, ॲल्युमिनियमचं रिम. डाव्या हाताला क्लच आणि मागचा ब्रेक एकत्र देणारी दुहेरी लिव्हर मिळते, तिच्या केबल वेगवेगळ्या ताणून घ्या, नाहीतर ब्रेक आधी धरतो आणि क्लच नंतर सुटतो.

पावसाळ्यात सायकल दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, वाटीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोलही सांडून टाका. मग प्लगच्या भोकातून पाच मिली टू-टी ऑइल सोडा, पायडल चार फेरे मारा, प्लग परत लावा. दसऱ्याला काढाल तेव्हा नवीन पेट्रोल, आणि प्लग एकदा पुसून.